दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : लांबच्या वाटेनं लवकर

मंडळी, दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब, असं विचारलं की मोबाइल चटकन सांगतो : साधारण १२,४०० किलोमीटर. आकडा चूक नाही, पण त्या रेषेवरून विमान जात नाही. घरी पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा. तो दिल्लीतून जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, हिमालय आणि सायबेरिया ओलांडून आर्क्टिक समुद्रात ७५ अंशांपर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली येतो. यातला पहिला टप्पाच अडचणीचा. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमान तातडीनं दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावं लागतं आणि तिबेटची जमीनच त्याहून उंच आहे!

एअर इंडिया सुरुवातीला पश्चिमेकडून, अटलांटिक ओलांडून जायची. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी विमान उलट्या दिशेला, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३००. म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि तरी विमान सुमारे साडेचौदा तासांत पोहोचलं, जवळपास दोन तास आधी! भागाकार करा : पॅसिफिकवरून सरासरी ताशी १,०५५ किलोमीटर, अटलांटिकवरून साडेआठशेच्या आतबाहेर. विमान तेच, बोइंग ७७७, इंजिनंही तीच.

फरक वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो आणि हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. विमान हवेतून ज्या वेगानं जातं, त्यात पाठीमागचा वारा मिळवायचा, समोरचा वजा करायचा. एवढंच गणित, पण पाचवीतला नावेचा आणि प्रवाहाचा प्रश्न कुणी तेव्हा मनावर घेतला होता? परतताना विमान पूर्वेकडेच, अटलांटिकवरून यायचं. म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणाच, आणि तीही आपल्या देवळातल्यासारखी एकाच दिशेनं.

त्या पहिल्या खेपेची एक गंमत. विमान रविवारी पहाटे चारला दिल्लीहून सुटलं, वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून शनिवारात शिरलं आणि उतरलं पुन्हा रविवारीच, सकाळी.

वाऱ्याखेरीज आणखी एक गोष्ट वेळ ठरवते : कुणाच्या आकाशातून जायची परवानगी आहे. २०२२ मध्ये रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झालं आणि युनायटेडला हीच थेट सेवा थांबवावी लागली. एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना वाट बंद केली. तेव्हापासून दिल्लीहून पश्चिमेकडे निघणारं विमान आधी गुजरातच्या बाजूनं खाली अरबी समुद्रावर येतं आणि मग वळतं. उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना तर इंधनासाठी मध्येच व्हिएन्नाला उतरावं लागलं.