बॅकला कोण थांबणार?

[दृश्य : काळा पडदा. मैदानावरचा गलका. मग अक्षरं उमटतात – ऑगस्ट २०१८, वॅलेन्सिया, स्पेन.]

समोर अर्जेंटिनाचा वीस वर्षांखालचा संघ. आकाशी-पांढरे पट्टे बघूनच आपली पोरं अर्धी गार व्हायची, असा आजवरचा अनुभव. पण चौथ्याच मिनिटाला दीपक टांगरीनं गोल केलाय आणि भारत चक्क पुढे आहे. उत्तरार्धात, ५४व्या मिनिटाला, आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला लाल कार्ड मिळतं. आता दहाच जण उरले आणि अर्ध्या तासाहून जास्त खेळ बाकी. अशा वेळी कुठलाही संघ मागे सरकतो, मिळेल तो चेंडू लांब भिरकावतो आणि रेफ्रीच्या शिट्टीची वाट बघतो.

६८व्या मिनिटाला भारताला फ्री-किक मिळते. चेंडू मांडून मागे सरकतोय तो पोरगा फॉरवर्ड नाही. स्टॉपर आहे, बचावफळीच्या मधोमध थांबणारा. अठरा पूर्ण व्हायला त्याला अजून काही आठवडे आहेत. तो धावत येतो, मारतो, चेंडू जाळ्यात. २-०. पुढे अर्जेंटिनानं एक गोल फेडला, पण सामना २-१ असा भारतानंच जिंकला. अर्जेंटिनाच्या त्या संघाच्या प्रशिक्षकाचं नाव होतं लिओनेल स्कालोनी. चार वर्षांनी कतारमध्ये मेस्सीच्या संघाला विश्वचषक जिंकून देणारा तोच.

आणि फ्री-किक मारणारा पोरगा, अन्वर अली.

[दृश्य : सोलापूर, होम मैदान. सकाळचे साडेसहा. मुलं दगडांचे गोलपोस्ट लावतायत.]

पंजाबातल्या एका बचावपटूची गोष्ट सोलापुरात बसून का सांगायची? त्याचं कारण या मैदानावर रोज सकाळी दिसतं.

हे गाव तसं क्रिकेटचं. पॉली उम्रीगर जन्मले ते इथं. पार्क मैदानाचं नाव काढलं की म्हाताऱ्यांनाही क्रिकेटच आठवतं. फुटबॉलला मिळते ती क्रिकेटवाल्यांची उरलेली जागा आणि उरलेली वेळ. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळे आठच्या आत खेळ उरकायचा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली की होम मैदानावर पाळणे उभे राहतात, मग पोरं चेंडू काखेत मारून दुसरीकडे जागा शोधतात.

संघ पाडताना काय होतं बघा. सगळ्यांना फॉरवर्ड व्हायचं असतं. "मी पुढं बे!" "मी पण पुढं बे!" शेवटी जो जाडा आहे, नवखा आहे किंवा ज्याच्या पायात बूट नाहीत, त्याला सांगितलं जातं, "तू बॅकला थांब बे." ही जागा शिक्षा म्हणून मिळते. गोलकीपरची त्याहून मोठी शिक्षा, पण तो विषय वेगळा.

खरं तर या जमिनीवर बॅक खेळणं सगळ्यांत अवघड. टीव्हीवर बचावपटू गवतावरून घसरत जाऊन चेंडू काढतात. इथं मुरमावर तसं घसरलात तर गुडघ्याची सालटी निघतात. मग काय करायचं? पाय टाकायची घाई करायची नाही. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, चेंडूकडे बघायचं. त्याला बाहेरच्या बाजूला ढकलत न्यायचं, जिथून गोल दिसत नाही तिकडं. चांगला स्टॉपर कमी वेळा पडतो, कारण तो आधीच योग्य जागी असतो. इथल्या एखाद्या पोराला हे आपोआप जमलेलं असतं, फक्त ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

[दृश्य : जुनं चित्रण. शाळेच्या गणवेशात फुटबॉल खेळणारी मुलं.]

२०१७ हे वर्ष आठवतंय? सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात होता, काही सामने नवी मुंबईतही झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारनं एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा बेत आखला. शाळाशाळांतून नवे चेंडू आले. पुढे त्यातले किती चेंडू कपाटात गेले, ते ज्याच्या त्याच्या पीटीच्या सरांना विचारा.

त्या विश्वचषकात भारताच्या बचावात उभा होता अन्वर. जन्म २८ ऑगस्ट २०००, गाव जालंधर जिल्ह्यातलं आदमपूर. माहिलपूर तिथून फार लांब नाही, आणि पंजाबात माहिलपूरचं नाव घेतलं की फुटबॉलच आठवतो, जसा आपल्याकडे कोल्हापूरचं नाव घेतल्यावर. पुढे तो मिनर्व्हा अकादमीत घडला आणि तिथून भारताच्या संघात आला.

दिल्लीत पहिला सामना अमेरिकेशी. भारत ०-२ मागे. शेवटची काही मिनिटं उरलेली असताना अन्वरचा जोरदार फटका क्रॉसबारवर आदळला. नेहरू स्टेडियम उभं राहिलं. तोच चेंडू उलटा फिरला, अमेरिकेचे खेळाडू मोकळ्या मैदानातून धावत सुटले आणि तिसरा गोल झाला. चार बोटं खाली गेला असता तर १-२, वर लागला म्हणून ०-३. भारत पुढे कोलंबियाशी १-२ आणि घानाशी ०-४ हरला आणि गटातच बाहेर पडला. तरी त्या पोरांकडे बघून पहिल्यांदाच वाटलं, की ही फक्त पळणारी नाहीत, ही खेळणारी आहेत.

मग वॅलेन्सिया. मग मुंबई सिटीशी करार, आणि अनुभव मिळावा म्हणून इंडियन ॲरोज या तरुण पोरांच्या संघाकडून आय-लीग ही देशातली साखळी स्पर्धा. सगळं सरळ चाललं होतं.

[दृश्य : रुग्णालयाचा रिकामा कॉरिडॉर. ईसीजीची सरकती रेघ.]

२०१९. हंगामाआधीची वैद्यकीय तपासणी. अहवालात लिहून आलं, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी.

हा आजार समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. हृदयाचा डावा खालचा कप्पा साऱ्या शरीराला रक्त पाठवतो. या आजारात त्याच्या भिंतीचा स्नायू गरजेपेक्षा जाड होतो. अन्वरच्या बाबतीत ही जाडी हृदयाच्या टोकाकडे होती. आजार बहुतेकदा आईवडिलांकडून येतो आणि तो दुर्मीळही नाही, ढोबळमानानं ५०० माणसांत एकाला असतो. त्यातले कितीतरी जण काही न होता म्हातारे होतात. पण काहींच्या बाबतीत, विशेषतः जोराच्या श्रमात, हृदयाचे ठोके अचानक बेताल होतात आणि मग हाताशी असतात ती फक्त काही मिनिटं.

फुटबॉलनं हे पाहिलेलं आहे. जून २००३ मध्ये फ्रान्समध्ये कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फोए कोलंबियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मैदानाच्या मधोमध कोसळला आणि गेला. तपासणीत हाच आजार निघाला. आपल्याकडे डिसेंबर २००४ मध्ये बंगळुरूला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात डेम्पोचा ब्राझिलियन स्ट्रायकर ख्रिस्तियानो ज्युनियर गोल करता करता पडला, तो उठलाच नाही. त्याचं कारण वेगळं असेल, पण ते दृश्य भारतीय फुटबॉलच्या पदाधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून कधी गेलं नाही.

म्हणून अन्वरला थांबवणारे लोक दुष्ट होते असं आम्ही म्हणणार नाही. वीस वर्षांच्या पोराला मैदानावर काही झालं असतं, तर आपणच त्यांना फाडून खाल्लं असतं. आणि खेळू द्या म्हणणारा पोरगाही चुकीचा नव्हता. आमची तक्रार आहे ती वेगळीच. त्याला सरळ 'नाही' असं कुणी म्हणालंच नाही. त्याला म्हणाले, थांब. तपासण्यांसाठी तो फ्रान्सला जाऊन आला. देशातल्या-परदेशातल्या तज्ज्ञांची मतं मागवली गेली. २०२० मध्ये कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगनं त्याला घेतलं, तर निर्णय होईपर्यंत सराव करू देऊ नका असं भारतीय फुटबॉल महासंघानं कळवलं. शेवटी पोरगा दिल्ली उच्च न्यायालयात गेला. खेळायचा हक्क मागायला.

डॉक्टरांमध्येही एकमत का होत नव्हतं, तेही सांगायला हवं. कठोर सरावानं निरोगी खेळाडूचं हृदयही थोडं जाड होतंच, त्यामुळे कुठवर सरावाची कमाई आणि कुठून आजार हे सांगणं सोपं नसतं. शिवाय जुना नियम सरसकट होता, निदान झालं की स्पर्धात्मक खेळ बंद. २०२० मध्येच युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीनं नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा सूर असा, की प्रत्येक खेळाडूची जोखीम वेगवेगळी मोजा, त्याला ती नीट समजावून सांगा आणि निर्णयात त्यालाही धरा. म्हणजे अन्वरची फाइल टेबलावर पडून होती, त्याच वर्षी शास्त्राचंच मत बदलत होतं.

[दृश्य : होम मैदान. एक मुलगा कमरेवर हात ठेवून दम खातोय.]

इथं जरा थांबून आपल्याकडे बघू. अन्वरचा आजार सापडला, कारण मोठ्या क्लबच्या करारासाठी त्याच्या हृदयाची तपासणी झाली. आपल्या पोरांचं काय? स्पर्धेच्या फॉर्मला जन्मदाखला लागतो, बोनाफाइड लागतं, दोन फोटो लागतात. वैद्यकीय दाखला मागितलाच, तर ओळखीचे डॉक्टर छातीला नळी लावतात आणि सही करतात. ईसीजी कुणी काढत नाही, आणि तो फार महागही नसतो. पळताना चक्कर येऊन पडणारा मुलगा 'उपाशी आला असेल' म्हणून पाणी पाजून परत मैदानात पाठवायचा नसतो. घरात कुणी ऐन तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते प्रशिक्षकाला माहीत असायला हवं.

[दृश्य : रात्रीचा सामना, फ्लडलाइट.]

शेवटी अन्वरला खेळायची परवानगी मिळाली, वाट मोकळी झाली. रणजित बजाज यांनी, ज्यांच्या मिनर्व्हात तो वाढला होता, त्याला आपल्या दिल्ली एफसीत घेतलं, आणि २०२१ च्या ड्युरँड कपमध्ये अन्वर पुन्हा मोठ्या मैदानावर उतरला. जानेवारी २०२२ मध्ये एफसी गोवानं त्याला उसनवारीवर घेतलं. २३ मार्चला बहारीनविरुद्ध तो भारताच्या मुख्य संघाकडून पहिला सामना खेळला. १४ जूनला कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध, आशिया चषकाच्या पात्रता फेरीत, दुसऱ्याच मिनिटाला त्यानं गोल केला. सामना ४-०.

ही यादी ऐकायला झकास वाटते. पण एकोणिसाव्या ते एकविसाव्या वर्षांत स्टॉपर नुसता खेळत नाही, शिकतो. स्ट्रायकरचा वेग उपजत असतो. स्टॉपरला मात्र शंभर वेळा फसावं लागतं, तेव्हा कुठे एकशेएकाव्या वेळी खांदा कुठल्या बाजूला वळवायचा ते कळतं. ते फसायचे दिवस अन्वरनं अहवाल आणि तारखा सांभाळत काढले. त्याचा पाय सुंदर आहे, मागून पन्नास-साठ यार्डांचा पास तो सहज टाकतो. पण कधीकधी त्याच्या बचावात एखादा क्षण उशीर दिसतो, आणि आमच्या मते त्याचं मूळ त्या वर्षांत आहे. प्रशिक्षकांना कदाचित हे पटणार नाही.

२७ जून २०२३, बंगळुरू. दक्षिण आशियाच्या सॅफ स्पर्धेत कुवेतविरुद्ध छेत्रीच्या गोलवर भारत १-० पुढे. नव्वद मिनिटं संपून गेलेली. कुवेतचा क्रॉस आला, अन्वरनं तो बाहेर काढायला पाय घातला आणि चेंडू आपल्याच जाळ्यात. १-१. फॉरवर्डनं दहा संधी घालवल्या तरी अकराव्या गोलनं त्या माफ होतात. स्टॉपरच्या हिशोबात जमेची बाजू कुणी लिहून ठेवत नाही. आठवड्यानं अंतिम सामना परत कुवेतशीच झाला आणि भारतानं तो पेनल्टींवर जिंकला.

त्याच वर्षी मोहन बागान. आल्या आल्या ड्युरँड कप, तोही ईस्ट बंगालला हरवून. हंगामाच्या शेवटी आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, शील्ड; साखळीत पहिला येणाऱ्याला मिळते ती. मध्ये घोट्याची दुखापत, त्यामुळे जानेवारी २०२४ चा आशिया चषक हुकला.

आणि मग कोलकात्यानं वर्षभर चघळलेलं प्रकरण. मोहन बागानचा उसनवारीचा करार मोडून अन्वर थेट ईस्ट बंगालकडे गेला, पाच वर्षांसाठी. सप्टेंबर २०२४ मध्ये महासंघाच्या समितीनं त्याला चार महिन्यांची बंदी आणि १२.९० कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. भरपाईत दिल्ली एफसी आणि ईस्ट बंगालही होते. पुन्हा दिल्ली उच्च न्यायालय, पुन्हा स्थगिती, पुन्हा सुनावणी. कायद्यानं कोण बरोबर ते वकील बघतील. आम्हाला एवढंच दिसतं, की चोवीस वर्षांच्या बचावपटूला फ्री-किकपेक्षा शपथपत्रांची सवय जास्त झाली असावी.

[दृश्य : ताजिकिस्तानातलं हिसोर. डोंगर, मग मैदान.]

२९ ऑगस्ट २०२५. आदल्या दिवशी अन्वरला पंचवीस पूर्ण झाली. मध्य आशियातली काफा नेशन्स कप स्पर्धा. खालिद जमील यांचा भारताचे प्रशिक्षक म्हणून पहिला सामना, यजमान ताजिकिस्तानशी. पाचव्या मिनिटाला अन्वरच्या हेडरनं गोल. दुसरा गोल संदेश झिंगनचा, म्हणजे दोन्ही गोल स्टॉपरांचे. गोलकीपर गुरप्रीतनं एक पेनल्टी अडवली आणि भारत २-१ नं जिंकला. पुढच्या सामन्यात इराणविरुद्ध झिंगनच्या गालाचं हाड मोडलं, आणि अन्वरच्या सोबतीला स्टॉपर म्हणून आला मुंबईचा राहुल भेके. २०१९ च्या आयएसएल अंतिम सामन्यात जादा वेळेत गोल करून बंगळुरूला करंडक मिळवून देणारा, हाही बचावपटूच. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत भारतानं ओमानला पेनल्टींवर हरवलं.

संघ परतला तेव्हा आयएसएलचा नवा हंगाम अडकून पडला होता. महासंघ आणि आयोजक कंपनीमधला करार ठरत नव्हता, आणि देशातले सगळेच व्यावसायिक फुटबॉलपटू तारखेची वाट बघत होते. ईस्ट बंगालशी अन्वरचा करार २०२९ पर्यंतचा. भेके त्या वेळी चौतीस वर्षांचा होता आणि ओमानविरुद्ध पेनल्टी मारायला पुढे आला होता. अन्वर पंचवीसचा.