सेमिस्टर तिकडे, तयारी कॉलेजच्या ऑफिसात

(पुण्यात विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

एका सेमिस्टरसाठी परदेशी जायचं ठरलं की घरात पहिली यादी होते ती सामानाची. मग लक्ष्मी रोडला चकरा सुरू. ती यादी मी आज शेवटी घेणार आहे, कारण स्वेटर नव्हता म्हणून कोणाचं सेमिस्टर फुकट गेलेलं नाही. फुकट जातं ते कॅलेंडर न बघितल्यामुळे.

जर्मनीचंच घ्या. तिथलं हिवाळी सत्र बहुतेक विद्यापीठांत १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, परीक्षा जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत. आता आपलं बघा. जुलैच्या आसपास सुरू झालेलं सत्र नोव्हेंबर-डिसेंबरात लेखी परीक्षेला येतं आणि जानेवारीत पुढचं सुरूही झालेलं असतं. म्हणजे त्यांचं एक सत्र आपल्या दोन सत्रांवर तंगड्या पसरून बसतं. जाताना इथलं टर्म वर्क अर्धवट, येताना हजेरी बुडालेली. उन्हाळी सत्र घ्यावं, तर ते १ एप्रिलचं. तेव्हा आपल्या परीक्षा तोंडावर. अमेरिकेतलं फॉल सेमिस्टर मात्र ऑगस्टअखेर सुरू होऊन डिसेंबरच्या मध्याला संपतं, ते आपल्याशी बरंच जुळतं. रँकिंग सगळे बघतात, हे कोणी बघत नाही.

दुसरी गोष्ट क्रेडिटची, म्हणजे तिथे शिकलेले विषय इथल्या पदवीत धरले जाण्याची, आणि इथे जरा थांबू. युरोपात ईसीटीएस नावाचं माप आहे. पूर्ण सत्राला ३० क्रेडिट, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. त्यात घरी बसून केलेला अभ्यासही धरलेला असतो. आपल्याकडे थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात साधारण १५ तास वर्गात. तेव्हा तिथले ६ म्हणजे इथले ६ असं धरून चालू नका. आपला सिलॅबस डावीकडे, त्यांच्या विषयाचं वर्णन उजवीकडे, असा युनिटवार तक्ता करा आणि तो घेऊन एचओडींसमोर, म्हणजे विभागप्रमुखांसमोर, बसा. ‘हो हो, आल्यावर बघू’ हे उत्तर चालणार नाही. तिथे कोणते विषय घेणार याचा करार, म्हणजे लर्निंग ॲग्रीमेंट, त्यावर विद्यार्थ्याची, इथल्या कॉलेजची आणि तिथल्या विद्यापीठाची, अशा तिघांच्या सह्या लागतात. शिवाय परीक्षा विभागाचं पत्र हवं, तेही निघण्याआधी. दोन विषय जास्तीचे मंजूर करून ठेवा. तिथे गेल्यावर कळतं की एखाद्या विषयाची जागा भरली किंवा तो यंदा शिकवतच नाहीत. आणि एटीकेटी असेल, म्हणजे मागचा विषय राहिलेला असेल, तर ती परीक्षा कधी आणि कुठून देणार, हे आजच विचारा.

व्हिसाचं थोडक्यात. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं, तर शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणारा, टुरिस्ट व्हिसा उपयोगाचा नाही, त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरपासून खर्चासाठी महिना ९९२ युरो दाखवायला सांगितले. आकडा बदलत असतो, अर्जाच्या दिवशीचा बघा. नावाचं मात्र आधी तपासा. मार्कशीटवर आडनाव, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ कमीजास्त असला, तरी मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात जायची वेळ येते.

इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. त्यांच्या हाती दोन वर्षं होती, तुमच्या हाती पाचएक महिने. त्यातले पहिले काही आठवडे घर, बँक आणि पत्त्याची नोंदणी यात जातात; ही नोंदणी जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते. शिकवणं इंग्रजीत असलं, तरी घरमालकाचं पत्र जर्मनमध्येच येणार. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवन गावातच आहेत, जमेल तेवढं शिकून जा.

आता सामान. काकू, ऐका: युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, श्रीखंडाची वडी, सगळं बाद. आंबाही नाही, झाडाच्या आरोग्याचा दाखला लागतो. नारळाला मात्र सूट आहे, का ते विचारू नका. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी खुशाल द्या. कुकर देणार असाल, तर इंडक्शन बेसचा द्या. तिथे खोलीत गॅस मिळेलच असं नाही आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही.

आणि भारतातलं सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. बँकेतला नंबर बाबांचा असेल, तर हिवाळ्यात जर्मनीत रात्री अकराला पैसे भरताना इथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतील. बाबा ओटीपी सांगतील, पण त्याआधी बरंच काही सांगतील.

आता प्रश्न. क्रेडिटचे आधी घेऊ, स्वेटरचे शेवटी.