गेटवर मागतात तो विम्याचा कागद

(लघुउद्योजकांसमोरच्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, चाकण-रांजणगावच्या मोठ्या कारखान्यांत तुमच्यापैकी बरेच जण कामं घेतात. वर्क ऑर्डर खिशात, माणसं टेम्पोत, आणि गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणतो, "डब्ल्यूसी पॉलिसी दाखवा." डब्ल्यूसी म्हणजे वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, कामावर जखमी झालेल्या कामगाराच्या भरपाईचा विमा. मग एजंटला फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ, आणि गेट उघडतं. त्या पीडीएफमध्ये काय लिहिलंय ते ना गेटवाल्यानं वाचलेलं असतं, ना आपण.

मोठी कंपनी हा कागद हौसेनं मागत नाही. कंत्राटदाराचा कामगार त्यांच्या कामावर जखमी झाला, तर तो भरपाई थेट मूळ मालकाकडे, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीकडे, मागू शकतो. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात ही तरतूद होती, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. मूळ मालकानं पैसे भरायचे आणि कंत्राटदाराकडून वसूल करायचे. तुमच्याकडून काय वसूल होणार, याची त्यांना शंका असते. रास्तच आहे म्हणा! ज्या कामगारांची ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नोंद आहे, त्यांची सोय तिकडे होते, त्यांचं चलन दाखवलं की भागतं. पण ईएसआयची पगारमर्यादा महिना 21,000 रुपये. त्यावरच्या पगाराचा फिटर किंवा सुपरवायझर डब्ल्यूसी नसेल तर उघड्यावर पडतो.

आता पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे पहिलं-दुसरं पान, नीट बघा. सगळ्यात वर विमाधारकाचं नाव. आपल्याकडे एक फर्म स्वतःच्या नावावर, दुसरी बायकोच्या नावावर, हे सर्रास चालतं. वर्क ऑर्डर एका फर्मची आणि पॉलिसी दुसरीची असेल, तर त्या कामापुरता तुमचा विमा नाहीच. खाली कामाचं ठिकाण. तिथे फक्त भोसरीच्या शेडचा पत्ता असेल आणि माणूस चाकणला पत्र्यावरून पडला, तर वाद ठरलेला. कामाचं स्वरूप 'फॅब्रिकेशन' एवढंच लिहिलं असेल आणि उंचीवरचं काम सांगितलंच नसेल, तरी तेच.

त्याखाली कामगारांची संख्या आणि मजुरी. खरी गोम इथेच असते. प्रीमियम वाचवायला बारा माणसांच्या जागी पाच दाखवायची, पगारही निम्मा लावायचा. गेटवर हे खपतं. दाव्याच्या वेळी मात्र विमा कंपनी मस्टर आणि वेतनपत्रक मागते. दवाखान्याच्या खर्चाचंही बघून घ्या: तो बहुधा जादा प्रीमियम भरून वेगळा घ्यावा लागतो, आणि त्याची मर्यादा शेड्यूलवरच छापलेली असते.

कोटेशन म्हणजे विमा नव्हे, भरून दिलेला प्रपोजल फॉर्म म्हणजेही नव्हे. 1938 च्या विमा कायद्याचं 64 व्हीबी कलम सांगतं की प्रीमियम आधी पोचल्याशिवाय कंपनीनं जोखीम घ्यायचीच नाही. कोटेशनवरही कंपनीचा लोगो असतो, रकमा असतात, म्हणून ते पॉलिसी समजून फाइलला लावणारे मी पाहिलेत. पॉलिसी नंबर आणि मुदतीची सुरुवात-शेवट शोधा.

आगीच्या विम्याबद्दल थोडक्यात. एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा', त्यापुढे 50 कोटींपर्यंत 'लघु'. दोन्ही 1 एप्रिल 2021 पासून आहेत. बँकेला कॉपी देताना बँकेचं नाव आणि प्रत्येक गोडाउनचा पत्ता त्यात आहे ना, तेवढं बघा. भाड्यानं घेतलेलं दुसरं गोडाउन हमखास राहून जातं.

शेवटी, कागद मिळवायचा कसा? वर्क ऑर्डर आली त्याच दिवशी तिच्यातलं विम्याचं कलम जसंच्या तसं एजंटला पाठवा. मूळ मालकाचं नाव हवं असेल, नवीन साइट घालायची असेल, तर एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची अधिकृत नोंद, काढावी लागते, आणि ती विमा कंपनीकडूनच निघते. घाईत पीडीएफमध्ये नाव टाइप करून देणारे महाभागही असतात. त्यांच्यापासून लांब राहा. आलेला पॉलिसी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, नाहीतर शाखेत फोन करून विचारा. फोन शाखेच्या नंबरवर करा, एजंटनं दिलेल्या नंबरवर नको. आणि तुम्ही स्वतः पुढे वेल्डिंगवाल्याला किंवा पेंटरला काम देत असाल, तर त्याच्याकडूनही हाच कागद घ्या. कारण त्याच्या माणसांसाठी मूळ मालक तुम्ही आहात.