मिठागरातलं कडू पाणी आणि मेंदूची गोळी

(आगरवाडा, पेडणे. भरतीची वेळ, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेचं, दार उघडतंय.)

मेंदू तल्लख करते म्हणून मॅग्नेशियमची गोळी विकतात. ते मॅग्नेशियम या मिठागरातही असतं, म्हणून सुरुवात इथून. भरती चढली की शापोरा नदीचं खारं पाणी मानशीतून आत घेतात. आधी मोठ्या खणात, मग तिथून छोट्या वाफ्यांत. वाफ्याची जमीन पाहा. पावसाळ्यानंतरचा चिखल पायांनी तुडवून, फळीनं बडवून इतका घट्ट केलाय की पाणी मुरत नाही, फक्त उन्हानं उडतं. दहातले नऊ भाग उडाले की मिठाचा दाणा धरतो. जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा क्षार, त्याच्या आधीच खाली बसलेलं असतं.

आता फावडं फिरतंय. दाणे काठाशी ओढायचे, ढीग करायचा, निथळू द्यायचा. हे काम उन्हं तापायच्या आत उरकतात. अशी कितीतरी मिठागरं गोव्यात बुजून गेली. इथं अजून माणसं वाफ्यात उतरतात, म्हणून हे चित्रित तरी करता आलं.

मीठ काढल्यावर वाफ्यात हे पाणी उरतं. किंचित तेलकट, जिभेला कडू. मॅग्नेशियम यातच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते साधारण 1.3 ग्रॅम असतं, आणि मीठ बाजूला झालं की मागे उरलेल्या पाण्यात साठत जातं. पावसाळ्यात बरणीतलं जाडं मीठ पाझरतं ना, ते दाण्याला चिकटलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. हवेतली ओल तेच ओढून घेतं. पण म्हणून जाडं मीठ खाऊन मेंदू तल्लख होत नाही. तसं सांगत कोणी मीठ विकत असेल, तर दुसऱ्याकडून घ्या.

(रेखाटन: चेतापेशी)

मेंदूत मॅग्नेशियमचं काम मानशीच्या फळीचं. चेतापेशीवर एनएमडीए नावाची दारं असतात. शिकणं, लक्षात राहणं यांत त्यांचा मोठा वाटा. एरवी मॅग्नेशियमचा कण दारात अडकून बसलेला असतो. जोराचा संदेश आला की तो हटतो आणि कॅल्शियम आत शिरतं. 1984 मध्ये हे उलगडलं. 2010 मध्ये मॅग्नेशियम थ्रिओनेट हा मॅग्नेशियमचा एक क्षार दिलेल्या उंदरांची स्मरणशक्ती सुधारल्याचं प्रसिद्ध झालं, आणि तिथून गोळ्यांच्या बाटल्यांवर मेंदूची चित्रं यायला लागली. माणसांवरचे प्रयोग मात्र लहान आहेत. त्यांच्या जोरावर विसरभोळेपणा जाईल अशी हमी कोणी देऊ नये.

मॅग्नेशियमचा मेंदूसाठी खरा पक्का उपयोग प्रसूतिगृहात होतो, जिथं आम्ही कॅमेरा नेला नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनानं निम्म्यावर येतो. सुमारे दहा हजार बायकांवरच्या चाचणीत 2002 मध्ये ते दिसलं.

(म्हापसा, शुक्रवारचा बाजार)

इथं जमिनीवर मांडलेलं बघा. नाचणी, 100 ग्रॅमला 140 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम. काजूगर, त्याच्या जवळपास दुप्पट. तांबडी भाजीच्या जुड्या. उकडे तांदूळही आहेत. तांदळाला जितकी पॉलिश कराल, तितकं मॅग्नेशियम कोंड्याबरोबर जातं. मोठ्या माणसाला दिवसाला पुरुष असेल तर 440, बाई असेल तर 370 मिलिग्रॅम, ही आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शिफारस. सकाळी वाटीभर तिजण, म्हणजे नाचणीची गोड पेज, दुपारी उकड्या तांदळाचा भात आणि भाजी, म्हणजे सुरुवात तरी चांगली झाली.

गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून: मूत्रपिंड कमजोर असेल तर ती धोक्याची ठरते, पोट बिघडवते, थायरॉइडच्या आणि काही अँटिबायोटिक औषधांच्या आड येते.

तिजण मात्र बाजारातल्या या बाई अशी करतात: नाचणी भिजवायची, वाटायची, वस्त्रगाळ करायची, मग गूळ आणि नारळाचा रस घालून मंद आचेवर घोटत राहायचं. गुठळी झाली तर सासू बोलते, असं त्या हसत सांगतात.