मे महिन्यात ओतलेला रस्ता

[दृश्य: मराठवाड्यातल्या एका गावाची गल्ली. भर दुपार. सिमेंट रस्त्यावर आडव्यातिडव्या भेगा.]

निवेदन:

100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटीमीटर जाड. गावातल्या एका गल्लीला एवढा रस्ता करायचा तर 45 घनमीटर काँक्रीट लागतं. पहिल्याच वर्षी त्याला भेगा पडल्या की गाव म्हणतं, सिमेंट खाल्लं. कधीकधी ते खरंही असतं. पण मराठवाड्यात पुरेसं सिमेंट घातलेले रस्तेही फुटतात, कारण ते मे महिन्यात ओतलेले असतात.

काँक्रीटला निदान 14 दिवस तराई लागते, म्हणजे ते सतत ओलं ठेवावं लागतं. रस्त्यावर मातीचे वाफे करून त्यात 5 सेंटीमीटर पाणी उभं करायचं, तर या रस्त्याला पहिल्याच भरणीला 15,000 लिटर पाणी हवं. मेच्या उन्हात त्यातलं रोज एक सेंटीमीटर उडालं, तरी दररोज 3,000 लिटर भर घालावी लागते. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबाने हे पन्नासहून जास्त माणसांचं दिवसाचं पाणी झालं. गावात टँकर सुरू असताना हे पाणी रस्त्यावर ओतायला कुणाचाही हात धजत नाही, आणि धजूही नये. 2016 च्या एप्रिलमध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मग दोन दिवस गोणपाट ओलं करतात आणि तिसऱ्या दिवसापासून रस्ता उन्हात वाळतो.

म्हणून रस्त्याचं भवितव्य ठरतं ते ओतण्याच्या तारखेवर, आणि ती तारीख ठरते कागदावर.

[दृश्य: पंचायत समितीचं कार्यालय. फायलींची चळत.]

निवेदन:

गावातलं काम कसं पुढं सरकतं ते बघा. ग्रामसभेत निवड, मग अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि शेवटी देयक. प्रत्येक टप्प्याला कागद वेगळ्या टेबलावर असतो. प्रत्येक टेबलावर पंधरा दिवस जास्त गेले, तर डिसेंबरचं काम एप्रिलमध्ये जातं. त्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवीन काम सुरू करता येत नाही.

यावर उपाय एकच, तारखा उलट्या मोजायच्या. काँक्रीट 20 जानेवारीपर्यंत ओतून झालं पाहिजे, हे आधी पक्कं करा. तराई 3 फेब्रुवारीला संपते. क्यूबचा, म्हणजे मजबुती तपासायला त्याच काँक्रीटच्या भरलेल्या ठोकळ्यांचा, 28 दिवसांचा अहवाल 17 फेब्रुवारीनंतर येतो. महिनाअखेर देयक तयार होतं आणि 31 मार्चच्या आधी पूर्ण एक महिना हाताशी राहतो. आता मागे या. खोदाई, मुरूम आणि दबाईला दहा-बारा दिवस, म्हणजे कार्यारंभ आदेश डिसेंबरच्या मध्यावर हवा. निविदा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघाली पाहिजे. पहिल्या वेळी तीन निविदा आल्या नाहीत तर मुदतवाढ द्यावी लागते, तो वेळ यातच धरायचा. दोन्ही मान्यता ऑक्टोबरमध्ये, अंदाजपत्रक सप्टेंबरमध्ये, आणि जागेची निवड 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत. 2 ऑक्टोबरची सभा या हंगामासाठी उशिराची आहे. तिथे पुढच्या वर्षीचा आराखडा धरावा.

निधीचं शीर्ष, म्हणजे पैसा कोणत्या सदरातून येणार, तेही ऑगस्टमध्येच बघून घ्यायचं. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी ग्रामपंचायतीच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता. अशा बंधित पैशातून रस्ता धरला, तर फाईल फिरून परत येते आणि महिना जातो.

[दृश्य: काळ्या रानात खणलेला खड्डा. बाजूच्या कडेवर मातीचे थर.]

निवेदन:

सगळ्यात जास्त घोळ अंदाजपत्रकात होतो. शेजारच्या गावाचं अंदाजपत्रक घेऊन नुसतं नाव बदललेलं असतं. तिथे मुरमाड जमीन, इथे काळी. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते आणि वरचा रस्ता उचलून टाकते. म्हणून अंदाजपत्रकाआधी रस्त्याच्या रेषेत तीन ठिकाणी दीड मीटरचे खड्डे घ्या आणि काळीचा थर किती खोल आहे ते टेपने मोजा. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. ते टाळलं, तर खोदाई सुरू झाल्यावर मुरूम जास्त लागतो, अंदाजपत्रकात नसलेली जादा बाब निघते, सुधारित मान्यता मागावी लागते आणि ठेकेदार यंत्र घेऊन दुसऱ्या गावी निघून जातो. मुरमाच्या खाणीपासूनचं अंतर, म्हणजे लीड, नकाशावर न मोजता गाडीच्या मीटरवर मोजा. वाळूघाटांचे लिलाव रखडतात, तेव्हा क्रश सँडचा, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचा, दर आधीच धरलेला बरा.

आणखी एक चूक. आज काँक्रीट, पुढच्या महिन्यात नळाची पाइपलाइन आणि रस्ता परत फोडायचा. कामांच्या यादीत दोन्ही असतात, पण दोन वेगळ्या फायलींत. पाइपलाइन व्हायला वेळ असेल, तर निदान रस्त्याखालून आडवे रिकामे पीव्हीसी पाइप टाकून ठेवा आणि त्यांच्या जागा भिंतीवर रंगाने खुणा करून दाखवा. नळजोडणीला रस्ता फोडावा लागणार नाही.

[दृश्य: ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेला मोठा तक्ता.]

निवेदन:

पाठपुराव्याला सॉफ्टवेअरची गरज नाही. एक तक्ता पुरतो. एका कामाला एक ओळ. काम कुठे अडलं आहे, कोणाच्या टेबलावर आहे, कोणत्या तारखेला हलणार. "प्रक्रियेत" हा शब्द या तक्त्यात लिहू देऊ नका. दर सोमवारी सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाखा अभियंता यांनी अर्धा तास तक्त्यासमोर उभं राहावं. तारीख चुकली तर जुनी खोडू नये, शेजारी नवी लिहावी. सहा ओळींत एकाच टेबलाचं नाव दिसलं, की गटविकास अधिकाऱ्यांकडे काय मागायचं ते आपोआप कळतं.

कामाच्या दिवशी दोन गोष्टी सोडू नयेत. मुरमाचा थर काँक्रीटखाली झाकण्याआधी मोजून त्याच दिवशी मोजमाप पुस्तिकेत नोंदवायचा, कारण झाकल्यावर तो कुणालाच मोजता येत नाही. आणि एका दिवसात 45 घनमीटर ओतलं, तर प्रमाणकाप्रमाणे चार नमुने, प्रत्येकी तीन, असे बारा क्यूब भरायचे. ठेकेदाराने "चांगले" म्हणून वेगळ्या मालाचे भरून आणलेले चालणार नाहीत. मिक्सरमधून पडत्या मालातून, अभियंत्यासमोर भरायचे आणि ओलं असतानाच खिळ्याने तारीख कोरायची. अहवाल येईपर्यंत देयकावर सही नाही.

एप्रिल-मेमध्ये बदल्या होतात. नवीन ग्रामपंचायत अधिकारी रुजू होतील तेव्हा त्यांच्या हाती कपाटाची किल्ली द्या, आणि हा तक्ताही द्या, खोडाखोडीसकट.