पाहुण्यांसमोरची तोंडी परीक्षा

(इंदूरमधल्या एका मराठी मंडळाच्या पालकसभेत एका निवृत्त बालवाडी शिक्षिकेनं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. 'लहान मुलांना शिष्टाचार कसे शिकवावेत' हा विषय मला दिलाय, आणि समोर पाहते तर आई-बाबांपेक्षा आजी-आजोबाच जास्त दिसताहेत. बरंच झालं. दिवसभर मूल तुमच्याच तर ताब्यात असतं.

घरी पाहुणे येतात तेव्हाचा प्रसंग तुम्हाला नवा नाही. पाहुणे चपला काढून अजून टेकलेही नसतात, तोवर आतून साडेतीन वर्षांचा बाळू ओढून आणला जातो. 'काकांना नमस्कार कर. नाव सांग. ते गाणं म्हणून दाखव. अरे, सकाळी तर म्हणत होतास!' बाळू आईच्या ओढणीत तोंड खुपसतो. आई कसनुसं हसून 'जरा लाजाळू आहे' म्हणते, आणि पाहुण्यांची गाडी वळली रे वळली की त्याची हजेरी घेतली जाते. या तोंडी परीक्षेतून त्याला कळतं ते इतकंच, की नमस्कार ही पाहुण्यांना करून दाखवायची गोष्ट आहे. पाहुणे नसले की सुट्टी.

मला आज एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. आपण हा धडा चुकीच्या वेळी देतो. मूल चारचौघांत चुकतं आणि आपण तिथेच, त्याच क्षणी, शिकवायला बसतो. त्या वेळी ते लाजेनं इतकं भरलेलं असतं की दुसरं काही आत शिरतच नाही.

इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी बाईंनी 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह, म्हणजे बालवाडीच, उघडलं. तिथल्या मुलांना एकदा त्यांनी नाक कसं शिंकरायचं ते शिकवलं. रुमाल कसा काढायचा, कसा धरायचा, आवाज न करता, कुणाच्या नजरेत न येता काम कसं उरकायचं, सगळं करून दाखवलं. थोडं गमतीनंच घेतलं होतं त्यांनी, पण एकही पोर हसलं नाही. सगळी टक लावून बघत राहिली आणि संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट केला! बाईही चकित झाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की नाकावरून या पोरांनी जन्मभर बोलणीच खाल्ली होती. 'शी, शेंबड्या' सगळे म्हणाले होते. शेंबूड पुसायचा कसा, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे त्यांच्या पद्धतीत असे धडे रीतसर आले. खुर्ची न आपटता ठेवणं, कुणाच्या समोरून जाताना वाट मागणं, दार हळू लावणं. सगळं शांत वेळी, कुणाची चूक झालेली नसताना, नाटुकल्यासारखं. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या बालमंदिरात माँटेसोरीचीच वाट धरली, म्हणजे हे काही फक्त परदेशातलं नाही.

आता घरी या. रविवारी पोहे होतातच ना? मग जिरावणाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या आपल्या इंदुरी मसाल्याची, डबी मुलाच्या हातात द्या. एकेकापाशी जायचं, विचारायचं, 'जिरावण हवं का?' आणि थांबायचं. समोरचा 'हो' म्हणेपर्यंत डबी उपडी करायची नाही. 'नको' म्हणाला तर तोंड वाकडं न करता पुढे. आधी तुम्ही एकदा करून दाखवा, अगदी सावकाश, बडबड न करता. विचारणं मुलाला दुसऱ्या दिवशी जमतं. ते 'थांबायचं' जमायला महिने जातात, आणि माझ्या मते अर्धाअधिक शिष्टाचार त्यातच आहे.

मोठे बोलत असताना मुलं मध्ये तोंड घालतात, ही तुमची हमखास तक्रार. यालाही तालीम आहे. 'मला काही सांगायचंय' म्हणून मुलानं तुमच्या मनगटावर हात ठेवायचा. तुम्ही त्याच्या हातावर हात ठेवायचा, म्हणजे 'कळलं, थांब'. आणि मग खरंच लवकर वळायचं त्याच्याकडे! तीन वर्षांच्या मुलाला अर्धा मिनिटसुद्धा फार होतं. तुम्ही फोनवर आणखी दहा मिनिटं पाल्हाळ लावलंत तर उद्या ते हात ठेवणार नाही, किंचाळेल. त्याचं काय चुकलं?

वयाचंही भान हवं. 1983 साली विमर आणि पर्नर या संशोधकांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. आता तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सांगतात, दुसऱ्या कपाटात. आपल्याला माहीत आहे ते त्याला माहीत नाही, हेच त्यांना उमगत नाही. ते साधारण चार-पाचाच्या सुमाराला उमगू लागतं. तेव्हा तीन वर्षांच्या पोराला 'तिची बाहुली हिसकावलीस, तिला काय वाटलं असेल, विचार कर' असं दहा मिनिटं सुनावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बाहुली परत करायला लावा, झालं.

पण म्हणून मूल स्वार्थी असतं असं समजू नका. वॉर्नकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवलं, की दीड वर्षाची मुलं अनोळखी माणसाच्या हातून पडलेला कपड्यांचा चिमटा आपणहून उचलून देतात. कुणी सांगत नाही, शाबासकीही नसते. दोन वर्षांनी त्यांनीच आणखी एक गंमत पाहिली: मदतीबद्दल खेळणं बक्षीस दिलं, तर पुढे मदत कमी होते. 'छान बोललास, घे चॉकलेट' करणाऱ्या आजोबांनी हे जरूर लक्षात घ्यावं. रागावू नका, पण मुलाला दुकानदारीची सवय लावायला आजोबाच पुरतात!

आपल्या गावाचंच बघा. 'कचरा टाकू नका' या पाट्या इंदुरात आधीही होत्या. पाट्यांखालीच कचरा असायचा. मग सकाळी दारात गाडी येऊ लागली, ओला-सुका वेगळा मागू लागली, रस्त्यात टाकलं तर दंड बसू लागला. आणि 2017 पासून शहर स्वच्छतेत देशात पहिलं येऊ लागलं. व्यवस्था झाली, शेजारी करताना दिसला, सवय लागली. आज चार वर्षांची पोरं सराफ्याच्या खाऊबाजारात कुल्फीची काडी हातात धरून डबा शोधतात. त्यांना व्याख्यान कुणी दिलं होतं? तसंच घरात. चपलांचा कप्पा मुलाच्या उंचीला हवा, पाण्याचा गडू त्याच्या हातात मावेल एवढा आणि अर्धाच भरलेला. ट्रेमध्ये चार काठोकाठ ग्लास देऊन 'सांडू नकोस' म्हणण्यात काय अर्थ आहे?

आता जरा टोचणारं बोलते. आपली इंदुरी मुलं भाषेच्या बाबतीत भारी हुशार. आजीला 'अगं आजी', बाबांच्या साहेबांना 'अहो काका', शेजारच्या जैन आंटीला 'आप'. कुणी शिकवणी लावली नव्हती. आणि भांडी घासायला येणाऱ्या, आजीपेक्षा मोठ्या बाईंना? 'ए, तू माझी गाडी बघितलीस का?' हेही त्यांना कुणी शिकवलेलं नाही, ते घरात ऐकलेलं आहे. पाहुण्यांसमोर नमस्कार न करणारा बाळू मला चालतो. हा 'ए, तू' म्हणणारा मात्र खुपतो, आणि त्याला दम देऊन उपयोग नाही. आधी आपण सुधारायचं.

(यानंतर काही श्रोत्यांनी प्रश्न विचारले.)

'नातू पाया पडत नाही, वाईट वाटतं,' असं एका आजोबांनी विचारलंय. तुमचा मुलगा तुमच्या पाया पडतो का, सणावारी तरी? पडत असेल तर नातूही पडेल, थोडा उशिरा. मान धरून वाकवू नका.

'सॉरी म्हणायला लावावं का?' आधी पडलेलं उचलायला लावा, लागलं असेल तिथे फुंकर घालायला लावा. शब्द मागून येतो.

'थँक्यू'चंही तेच. दुकानदारानं गोळी दिली तर मुलाच्या वतीनं, मुलाच्या देखत तुम्ही म्हणा. 'म्हण, म्हण' करत काउंटर अडवू नका.

'गणपतीत घर भरतं, तेव्हा मूल अंगात आल्यासारखं करतं.' करणारच! आदल्या दुपारी, घरात कुणी नसताना, खिरापत वाटायची तालीम घ्या. उजव्या हातानं, एकेकाला, चमचा-चमचा. बाहुल्यांना वाटू दे आधी. आरतीच्या वेळी वाटी त्याच्या हातात द्या, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या ड्रायव्हरदादांपासून सुरुवात करायला सांगा.