चुंगी, मामाचं पत्र आणि परतीचं तिकीट

[दृश्य: अंगण. फक्त पाय. रबराचा एक गुच्छ वर उडतो, खाली येतो, परत उडतो.]

आम्ही नेपाळमधल्या एका बालगृहात मुलांशी खेळायला गेलो होतो, त्याच्या या व्हिडिओत एकाही मुलाचा चेहरा दिसणार नाही, आधीच सांगून ठेवते, म्हणजे मधेच कोणी 'अहो मुलं दाखवा की' म्हणायला नको. पाय दिसतील, हात दिसतील, आणि आमच्या ठाण्याच्या ग्रुपमधली मोठी माणसं तोंडावर पडताना दिसतील, तेवढं पुरे. आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय कायद्यात कलम 74 आहे, त्यानुसार संस्थेतल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही की दाखवायचं नाही, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता शूटिंग नेपाळचं आहे, तिथे आपला कायदा लागत नाही हे कबूल, पण जे ठाण्यातल्या मुलाच्या बाबतीत करणार नाही ते ललितपूरच्या मुलाच्या बाबतीत का करायचं?

[दृश्य: तलावपाळी, संध्याकाळची गर्दी]

आम्ही तलावपाळीवर भेटणारी मंडळी. कोणी नौपाड्याचं, कोणी कोपरीचं, एक जण कळव्याहून येतो आणि आल्याआल्या ट्रॅफिकच्या नावाने शिव्या घालतो. तो बँकेत आहे, मी बालवाडीत शिकवते. नेपाळ ठरलं कारण व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत त्यामुळे निदान वाचता तरी येतात, आणि ओळखीतल्या एका ताईंनी तिथल्या एका बालगृहाशी गाठ घालून दिली. घरी आईने विचारलं, ठाण्यातली मुलं संपली का गं? प्रश्न चुकीचा नाहीये. त्याच्यावर येते नंतर.

जाताना बॅगा भरभरून सामान नेलं, रंगपेट्या, बॉल, प्लास्टिकची बॅट, बिस्किटं तर विचारूच नका. त्यातलं बरंचसं जिन्याखाली पडून राहिलं कारण मुलांकडे चुंगी होती. सायकलच्या ट्यूबची रबरं कापायची, मधोमध घट्ट बांधून गुच्छ करायचा आणि तो पायाने हवेत उडवत ठेवायचा, जमिनीला लागला की तुम्ही गेलात. बास. ती पोरं एकमेकांशी गप्पा मारत 40-50 सहज मारतात आणि आमचा बँकवाला, जो स्वतःला कॉलेजचा फुटबॉलपटू म्हणवतो, त्याचे दोन.

[दृश्य: मोठ्या माणसाचा पाय, त्यावर दोन लहान हात]

हा शॉट नीट बघा. आठ-नऊ वर्षांचा असेल तो मुलगा, खाली बसला, दोन्ही हातांनी दादाचा घोटा धरला आणि पाय आतल्या बाजूने वळवून दाखवला, 'दाइ, यसरी!' म्हणजे असं. मग उभा राहून कमरेवर हात ठेवून बघत बसला, अगदी पीटीच्या सरांसारखा. चुकलं की परत घोटा. या मुलाचं उठणं, जेवण, अंघोळ, अभ्यास सगळं दुसऱ्या कोणीतरी ठरवलेलं, घंटा वाजली की रांग, आणि इथे मात्र एक दाढीवाला माणूस त्याच्या हुकमावर पाय उचलतोय. आमची मैत्री जमली ती या अंगणात, बिस्किटं वाटताना जमली नाही. आणि हो, मुद्दाम हरू नका, पोरांना ते लगेच कळतं आणि त्यांचा इंटरेस्टच जातो. आम्हाला मुद्दाम हरायची गरज पडली नाही म्हणा, सुरुवातीला आम्ही सगळेच कच्चा लिंबू होतो.

सगळी मुलं अशी धावत येत नाहीत पण. एक मुलगी पायरीवर एकटी बसून गट्टा खेळायची, म्हणजे आपले सागरगोटेच, फक्त खडे. तिला 'ये ना, ये ना' करणारे बरेच होते. मी दोन पायऱ्या सोडून बसले, माझे पाच खडे घेतले आणि माझं माझं खेळत राहिले, तिच्याकडे न बघता. बालवाडीत हे रोजचंच आहे, बुजऱ्या मुलाच्या शेजारी बसायचं, समोर नाही. बऱ्याच वेळाने माझा एक खडा घरंगळत गेला तो तिने पायाच्या अंगठ्याने माझ्याकडे सरकवला. त्या दिवशी एवढंच झालं आणि एवढंच व्हायला हवं होतं.

[दृश्य: गोल करून बसलेली मुलं, पाठमोरी. कोणीतरी ओढणी घेऊन फिरतंय]

मग आम्ही मामाचं पत्र हरवलं शिकवलं. 'मामाको चिठी हरायो', सगळे जोरात ओरडतायत, ओढणी कोणाच्या पाठीमागे पडते म्हणून माना वळतायत, आणि मधेच एक जण सांगायला लागला, माझा मामा गावाला आहे, तो चिठ्ठी नाही लिहीत, फोन करतो. दुसरा म्हणाला माझी आई पण आहे. आमच्यातले काही जण गप्पच झाले, कारण अनाथाश्रम म्हणजे आईबाप नसलेली मुलं असंच डोक्यात बसलेलं असतं ना.

तर तसं नसतं. सेव्ह द चिल्ड्रनच्या 2009 च्या अहवालात म्हटलंय की जगभरात अशा संस्थांमधल्या दर 5 मुलांपैकी किमान 4 मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक तरी, हयात आहेत. नेपाळात 1996 ते 2006 यादवी युद्ध चाललं, तेव्हा हुमलासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून 'शहरात शिकवतो' सांगून दलालांनी आईबापांकडून पैसे घेऊन मुलं काठमांडूला आणली आणि कागदावर अनाथ केली. आजही बालगृहांची गर्दी कुठे, तर काठमांडू खोरं, पोखरा, चितवन, म्हणजे जिथे टुरिस्ट तिथे. आम्ही गेलो ते त्यातलं नव्हतं, दशैंला, म्हणजे तिकडच्या दसऱ्याला, मुलांना घरी पाठवणारं होतं, पण आपण हौसेने देतो त्या पैशांवरच हा धंदा चालतो हे समजून घ्या. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरावातच सगळ्या देशांना सांगितलंय की अनाथाश्रमांतल्या व्हॉलंटियरिंगमुळे होणारं नुकसान थांबवा.

नुकसान कसलं, आपण तर खेळायलाच जातो? इंग्लंडमध्ये बार्बरा टिझर्ड यांनी 1970 च्या दशकात निवासी नर्सरींमधल्या मुलांचा अभ्यास केला. खेळणी होती, पुस्तकं होती, खायला चांगलं होतं, पण मूल साडेचार वर्षांचं होईपर्यंत सरासरी 50 माणसं त्याला सांभाळून निघून गेलेली. यातली बरीच मुलं अनोळखी माणसाच्याही गळ्यात पडायची. तेव्हा पहिल्या दिवशी एखादं पोर येऊन मांडीवर बसलं की 'किती लळा लागला बघ' म्हणत स्टेटस टाकायची घाई नको. ते पोर तुमच्या आधीच्या बॅचच्या मांडीवरही असंच बसलं होतं.

[दृश्य: स्वयंपाकघराचं दार, पदराला हात पुसत बाहेर येणाऱ्या बाईंचे पाय]

म्हणून खेळ आमच्याभोवती फिरू द्यायचा नाही असं ठरवलं. तिथे राहणाऱ्या ज्या आमा आहेत, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या बाई, त्यांना खेळायला वेळच नसतो, कारण भांडी, कपडे, शाळेचे डबे. मग आमच्यातले तिघं भांड्यांना बसले आणि आमा अंगणात. राज्य त्यांच्यावर आलं तेव्हा मुलांनी जो दंगा केला तो आमच्या कुठल्याही खेळाला झाला नव्हता! बाई चुंगीत भारी निघाल्या, लहानपणी खूप खेळलेल्या. आणि कधी जाणार ते पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर गोल करून दाखवलं होतं, परत येऊ असं एकानेही बोलायचं नाही हा नियम. एकाला फार जड गेला तो.

आता आईच्या प्रश्नावर येते. सध्या ग्रुपमध्ये यावरूनच जुंपलीये. माझं म्हणणं, पुढच्या वेळी तिकिटांचे पैसे तिकडे द्या, आणखी एका आमाचा पगार निघेल, आणि आपण रविवारी घोडबंदर रोडच्या बांधकाम साइटवरच्या मुलांशी खेळू, त्यांचे आईबाप तिथेच असतात, दर रविवारी जाता येईल. बँकवाला म्हणतो पैसे तर द्यायचेच पण जायचंही, त्याला पन्नास चुंग्या मारून दाखवायच्या आहेत. त्याच्याकडे सध्या अकराचा रेकॉर्ड आहे, तोही मोजणारा तो स्वतःच.